मूठभर रवा

"एक झाकण औषध, पंपभर पाणी," मनोहरराव म्हणाले. "आज संध्याकाळी मारा. उद्या सकाळी एक किडा जिवंत दिसला तर माझं नाव बदला."

मनोहरराव आमचे शेजारी. नाशिकचे, बँकेतून निवृत्त होऊन मुलामागून म्हैसूरला आलेले. निळ्या झाकणाची बाटली घेऊन ते आमच्या गच्चीवर उभे होते. आणि आमचे हे मिरचीच्या रोपाशी उकिडवे बसून, डोळ्याला भिंग लावून पानाची मागची बाजू बघत होते. समोर माणूस उभा आहे, वर मान करावी, एवढंही भान नाही.

"सत्तावीस," हे म्हणाले.

"काय सत्तावीस?"

"ह्या एका पानावर, हो. परवा अकरा होते." मग भिंग सदऱ्याला पुसत म्हणाले, "औषध बेड, नको मनोहरराव. त्यानं मावा मरतो, हौदु, खरं आहे. मत्ते त्याबरोबर मावा खाणारे पण मरतात. मग पुढच्या महिन्यात मावा आला की त्याला विचारणारं कोणीच नाही."

"तुमचा गुरुवार पुढच्या महिन्यात नाही, वेंकोबाराव. तीन आठवड्यांवर आहे." एवढं बोलून मनोहररावांनी बाटली कठड्यावर ठेवली आणि जिना उतरून गेले. मला त्यांचा रागच आला, पण खोटं काही बोलले नव्हते.

त्या गुरुवारचं सांगते. त्याआधी ह्यांचं सांगायला हवं.

मी कराडची. एक्केचाळीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे जयलक्ष्मीपुरमला आले. सासरची माणसं पाच-सहा पिढ्या म्हैसूरची. बोलतात मराठी, पण त्या मराठीत निम्मं कन्नड. 'सुम्ने' हा ह्यांचा लाडका शब्द. सुम्ने बैस म्हणजे गप्प बैस, सुम्ने आलो म्हणजे सहज आलो, आणि 'का' असं विचारलं की उत्तर 'सुम्ने', म्हणजे सांगणार नाही. आमच्या घरात पहिल्या वर्षी अर्धी भांडणं ह्या एका शब्दावरून झाली.

लग्न ठरवताना वडिलांनी गावात सांगितलं, जावई शेतकी खात्यात आहेत. खरं होतं ते. फक्त हुद्दा सांगितला नाही. हे एका सरकारी संशोधन केंद्रात, किडींच्या विभागात अटेंडर होते. साहेबांना चहा आणायचा, काचपट्ट्या धुवायच्या आणि किडे मोजायचे. शेतात जायचं, एकाआड एक रोप धरायचं, वरचं पान, मधलं पान, खालचं पान उलटून त्यावर किती मावा, किती तुडतुडे, किती पांढऱ्या माश्या ते लिहायचं. चौतीस वर्षं. साहेब बदलत राहिले. त्यांचे अहवाल छापून यायचे, त्यात आकडे सगळे ह्यांचे आणि नावं सगळी साहेबांची. ह्यांना त्याचं काही नाही. माहेरी गेले की मीही 'शेतकी खात्यात' एवढंच म्हणायची. भावजयीचा भाऊ मामलेदार होता, तिच्यासमोर 'अटेंडर' हा शब्द माझ्या तोंडातून कधी निघाला नाही. आज लाज वाटते ती त्याची.

तर पौषात पावनीचा फोन आला. पावनी त्याच केंद्रात आता शास्त्रज्ञ आहे. विद्यार्थिनी म्हणून आली तेव्हा तिला पानावरचा मावा आणि धुळीचा कण ओळखता येत नव्हता. हे तिला शिकवायचे. तिचं म्हणणं असं की टी. नरसीपूरकडच्या वीस-बावीस बायका मिरची लावतात आणि आठवड्याला फवारणी करून हैराण झाल्या आहेत. त्यांना विषाशिवाय वाढवलेली मिरची दाखवायची आहे. केंद्रातली नको, घरातली. आमच्या गच्चीवरची चोवीस रोपं तिनं पाहिली होती. बायकांना घेऊन यायचा गुरुवारही तिनं ठरवून टाकला.

"आणि सर, बोलायचं तुम्हीच," ती म्हणाली. फोन मोठ्या आवाजावर होता, म्हणून मीही ऐकलं.

सर. ह्यांनी फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर जाताना इस्त्रीचा सदरा घातला. मिरच्यांना पाणी घालायला इस्त्रीचा सदरा. मी दोन दिवस मनात हसत होते.

आणि मग मावा आला.

मावा म्हणजे मिरचीच्या डोक्यातल्या उवा समजा. हे तर त्याला कन्नडात हेनु म्हणतात, म्हणजे उवाच. हिरवे, मोहरीहून बारीक, पानाच्या मागे दाटीनं बसतात आणि सोंड खुपसून रस पितात. पान आक्रसतं, वाकडं होतं. वरून त्यांच्या अंगातून गोड चिकटा गळतो, त्यावर काजळी धरते. आठ दिवसांत आमची कोवळी रोपं म्हातारी दिसायला लागली.

ह्यांनी हातपाय गाळले नाहीत. सकाळी नळी लावून पानांच्या मागून पाण्याचा मारा. एक दिवसाआड संध्याकाळी निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी. फार माखलेले शेंडे खुडून पिशवीत. दोन दिवस मावा कमी व्हायचा, तिसऱ्या दिवशी होता तसा. मग हे विद्यापीठाच्या आवारात रुईच्या झाडांकडे गेले आणि काडेपेटीत बारा ढालकिडे घेऊन आले. ते लाल पाठीवर काळे ठिपके असलेले. एक ढालकिडा दिवसाला पन्नास मावा खातो म्हणे. ह्यांनी एकेक रोपावर असा सोडला, जसा काही जावई घरात घेतोय.

दुसऱ्या दिवशी बारातले दोन उरले होते.

"उडून गेले?" मी विचारलं.

"घालवलं त्यांना," हे म्हणाले. पुढे काहीतरी बोलणार होते, पण माझ्याकडे बघितलं आणि भिंग खिशात घातलं.

मी तेव्हा तुळशीपाशी होते. रोज सकाळी मुंग्यांना मूठभर रवा-साखर घालायचा माझा एक नेम आहे. तुळशीचं वृंदावन गच्चीवर, म्हणून तिथेच घालत असे. कशासाठी ते बोलायचं नसतं. बोललं की नेम वाया जातो, असं माझी आई सांगायची, आणि तिनं कशासाठी काय केलं ते आम्हाला ती गेल्यावरही कळलं नाही. मी पण कोणाला सांगितलं नव्हतं. ह्यांना तर नाहीच. आता हे मी लिहिते आहे, बोलत नाहीये. देवानं एवढी पळवाट मला द्यावी.

गुरुवारला नऊ दिवस राहिले तेव्हा माझा तोल सुटला.

"चौतीस वर्षं किडे मोजलेत," मी म्हटलं. "एक उपाय सापडू नये?"

"उपाय आहे की."

"मग करा ना."

"तो करायचा नाही."

"का?"

"सुम्ने."

मी कठड्यावरची बाटली उचलली. म्हटलं, तुम्हाला जमत नसेल तर मी मारते फवारा, सगळ्या गावापुढे हसं होण्यापेक्षा बरं. ह्यांनी आवाज चढवला नाही. माझ्या हातातून बाटली काढून घेतली, माळ्यावर ठेवली आणि हात साबणानं धुतले.

"त्या बायकांना विषाशिवाय म्हणून बोलवायचं आणि विष मारून दाखवायचं? तसं मी नाही करणार. उद्या पावनीला सांगतो, ह्या वर्षी नको."

"एवढ्या वर्षांत एकदा कोणी तुम्हाला बोलायला सांगितलंय."

"हौदु. माहीत आहे की मला," हे म्हणाले, आणि रात्री जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे केस कापायला गेले. फोन दुपारी करतो म्हणाले. मी रवा घेऊन वर गेले. ह्यांची मोजणीची वही कठड्याच्या कोनाड्यात होती. निवृत्त झाले तरी वही सुटलेली नाही. मी ती कधी उघडत नसे, आकड्यांत काय बघायचं. पण त्या दिवशी मला भांडायला मुद्दा हवा होता. म्हटलं बघू तरी, कुठला एवढा न करायचा उपाय.

हे मराठी लिहितात ते कन्नड अक्षरांत. शाळा कन्नड, त्यामुळे आमचं सगळं घराणंच तसं लिहितं. मला ती लिपी बसवरच्या पाट्या वाचून आली, म्हणून सावकाश वाचावं लागतं. आकड्यांच्या रांगा होत्या. तारीख, रोप, पान, मावा, ढालकिडे, आणि शेवटच्या रकान्यात मुंग्या. शेजारी बारीक अक्षरात शेरा. मी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं.

'मुंग्या माव्याला राखतात. चिकटा खातात, ढालकिड्यांना चावून घालवतात. मुंग्या तुळशीच्या रव्याला येतात, तिथून रोपांवर.'

त्याखाली दुसऱ्या तारखेला, 'उपाय: रवा बंद. करायचा नाही. तिचा नेम आहे. माझ्या ऑपरेशनपासून. पाच वर्षं, एक दिवस चुकला नाही. विचारलं तर बोलावं लागेल तिला.'

मी तिथेच वृंदावनाच्या पायरीवर बसले.

पाच वर्षांपूर्वी ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. पाच तास दार बंद होतं. बाहेरच्या बाकाखालून मुंग्यांची रांग चालली होती, आणि हातात दुसरं काही नव्हतं म्हणून मी पर्समधलं बिस्किट कुस्करून त्यांना घातलं. म्हटलं, हा माणूस घरी येऊ दे, जिवात जीव आहे तोवर रोज घालीन. कोणाला बोलले नाही. आणि ह्या माणसानं न विचारता ते मोजून ठेवलं होतं. मोजणाऱ्यापुढे काय लपणार. देवाधर्माचं ह्यांना काही नाही, देवळात गेले तर कोळिष्टकं बघत बसतात. पण माझा नेम मोडू नये म्हणून आयुष्यातला एकुलता एक दिवस सोडायला निघाले होते. मला रडू आलं, आणि राग पण आला. नवऱ्यानं इतकं चांगलं असू नये, बायकोला भांडायला जागा राहत नाही.

पदरानं तोंड पुसलं आणि विचार केला. मी मुंग्यांना घालीन म्हटलं होतं. गच्चीवर घालीन असं कुठे म्हटलं होतं?

त्या दिवशीचा रवा मी खाली नेला आणि फाटकाजवळ नारळाच्या बुंध्याशी घातला. तुळशीपाशी सांडलेला कण न् कण झाडून घेतला. पण वरच्या मुंग्यांना आता माव्याची चटक लागली होती. त्यांची वाट तोडायला हवी. माझ्या माहेरी जाळीच्या कपाटाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या असायच्या, म्हणून दूधदुभत्याला मुंगी लागत नसे. आमची रोपं लोखंडी मांडण्यांवर होती. चार मांडण्या, सोळा पाय.

सोळा वाट्या मी फळीवरून काढल्या. कराडहून आलेल्या, लग्नातल्या, प्रत्येकीवर 'सौ. तुळसी वेंकोबा' असं कोरलेल्या. पाहुण्यांशिवाय काढत नसे. मग मनोहररावांना हाक मारली.

"ही मांडणी एका बाजूनं उचला. सावकाश."

"कशासाठी ते तर कळू द्या."

"सांगायचं नसतं," मी म्हटलं.

बिचाऱ्यांनी कंबर धरत धरत आठ वेळा मांडणी उचलली, मी वाट्या सरकवून पाणी ओतलं. नळीनं रोपांवरच्या मुंग्या धुऊन काढल्या. मनोहरराव घाम पुसत म्हणाले, बँकेत इतकं उचललं असतं तर वर्षात मॅनेजर झालो असतो.

हे आले ते थेट वर आले. पहिल्या मांडणीपाशी थांबले. वाकून वाटी बघितली. मग दुसरी, मग तिसरी, अशा सोळाच्या सोळा. मी वाळवणातले कपडे उगाच झटकत उभी होते. आता विचारतील, मग काय सांगू.

ह्यांनी खिशातून कात्री काढली आणि कडेच्या रोपाची एक फांदी छाटली.

"ही भिंतीला लागत होती," म्हणाले. "इथनं चढल्या असत्या."

दुपारी पावनीला फोन केला नाही. जेवताना आमटी दोनदा मागून घेतली.

संध्याकाळी काडेपेटी घेऊन पुन्हा रुईकडे गेले. ह्या वेळी ढालकिडे राहिले. वही मी आता रोज चोरून बघत होते. मुंग्या, शून्य. मावा, सत्तावीसवरून एकोणीस. मग अकरा. मग चार.

गुरुवारी मिनीबसनं बावीस बायका आल्या. गच्ची भरून गेली. पाच रोपं अजून वाकडी होती, बाकीच्यांना नवी तुकतुकीत पालवी फुटली होती. मी म्हटलं होतं, ती पाच मागे ठेवूया. ह्यांनी मुद्दाम पुढे ठेवायला लावली.

पावनीनं ओळख करून दिली. "हे वेंकोबाराव. आमच्या केंद्रात चौतीस वर्षं अटेंडर होते." मी चटकन ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मात्र सरळ मान हलवली. ती पुढे म्हणाली, "मी मोजायला ह्यांच्याकडे शिकले. माझ्या प्रबंधातला एकही आकडा चुकलेला नाही, तो ह्यांच्यामुळे."

ह्यांना बोलता येईना. इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाहीशी चाळा करत राहिले. मला वाटलं संपलं आता. मग हे खाली उकिडवे बसले, एक वाकडं पान उलटलं, आणि त्या पानाकडे बघून बोलायला लागले. कन्नडात, अगदी हळू. बायका पुढे सरकल्या, हळूहळू त्याही ह्यांच्याभोवती उकिडव्या बसल्या. भिंग एकीच्या हातातून दुसरीच्या हातात गेलं. पाऊण तास हे बोलले. इतकं तर आमच्या लग्नात पण बोलले नव्हते.

जयलक्ष्मम्मा म्हणून एक वयस्कर बाई होत्या, तोंडाच्या फटकळ. त्यांनी विचारलं, "मुंग्यांमुळे मावा वाढतो म्हणता. मग तुमच्यासारख्या जाणत्या माणसाच्या घरात मुंग्या चढल्याच कशा?"

मी जिन्याच्या दाराशी ताकाचे पेले घेऊन उभी होते. ह्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"मला कळलं होतं, अम्मा. माझ्याकडनं उशीर झाला."

"आणि ह्या वाट्या? ही युक्ती केंद्रातली का?"

"नाही नाही," हे म्हणाले. आता मात्र वळले, हात माझ्याकडे केला. "आमच्या मंडळींची. मी नुसता मोजणारा. उपाय त्यांनी केला."

बावीस बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मला एकदम ताकात मीठ घातलंय की नाही तेच आठवेना. जाताना जयलक्ष्मम्मांनी ह्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "येते मेष्ट्रे." मेष्ट्रे म्हणजे मास्तर. हे दोन पावलं मागे सरले, आणि मग दोन्ही हात जोडले.

संध्याकाळी मी कराडला सयाजीला, माझ्या भावाला, फोन लावला. भावजयीलाही जवळ बोलाव म्हटलं. नेम सोडून सगळं सांगितलं. सांगताना म्हटलं, "तुमचे भावजी अटेंडर होते. चौतीस वर्षं अटेंडर होते." दोनदा म्हटलं. सयाजी म्हणाला, ताई, ओरडू नकोस, ऐकू येतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग उशिरा आली. आदल्या दिवशीच्या उठबशीनं गुडघे धरले होते. घाईनं रव्याचा डबा घेऊन खाली उतरले.

फाटकाजवळ नारळाच्या बुंध्याशी हे उकिडवे बसले होते. भिंग डोळ्याला. समोर जमिनीवर रव्याच्या बारीक बारीक चिमट्या, एका ओळीत, सारख्या अंतरावर, जशी प्रयोगाच्या शेतातली रोपं. मुंग्या लागल्या होत्या.

"हा कोणी घातला?" मी विचारलं.

"मी की."

"अहो, नेम माझा आहे. तुम्ही घातलेला माझ्या नेमात धरायचा नाही."

"तुझा तू घाल ना. हा माझा वेगळा आहे."

"तुमचा? कशासाठी?"

ह्यांनी भिंग खाली घेतलं. माझ्या गुडघ्यांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"बोलायचं नसतं म्हणतात," हे म्हणाले, आणि थोडे सरकून मला शेजारी जागा केली.

मी झाडाला धरून सावकाश खाली बसले आणि त्यांच्या ओळीच्या शेजारी माझा रवा घातला.